घोटणवाडीचा गुरुवार

घोटणवाडीनं आठवड्यातून बाहेर पडायचं ठरवलं आणि जाताना आपला गुरुवार बरोबर नेला.

तसा तो गुरुवार गावाचाच होता. सात गावांच्या बाजारसंघात प्रत्येकानं एकेक वार आणलेला. बेलसांगीचा सोमवार, माळदऱ्याचा मंगळवार, असं करत करत शेलवडीच्या रविवारपर्यंत. ज्याचा वार त्याच्या गावात बाजार, आणि बाकीच्या सहा गावांनी तो वार बिनदिक्कत वापरायचा, असा जुना करार. पणजोबांनी त्याच्यावर अंगठे उठवले होते आणि तेव्हापासून सगळं सुरळीत चाललं होतं. म्हणूनच ठराव येणार म्हटल्यावर भामाकाकू कासारणीच्या मनात पाल चुकचुकली. सुरळीत चाललेल्या गोष्टीला कुणी उगाच हात लावत नाही.

भामाकाकू सातही बाजार फिरून बायकांच्या हातात बांगड्या भरायची. पण त्या आठवड्यात तिचं चित्त धंद्यात नव्हतं. तिची सुगंधा सासरहून एकटीच आली होती, तीही सांगावा न धाडता. दिवाळीला काकूनं तिला दोन्ही हातांत डझन डझन हिरवा चुडा भरला होता. आता त्यातल्या तीन बांगड्या उरल्या होत्या.

"हापशावर पाय घसरला," सुगंधा म्हणाली.

"हापशावर घसरलं तर एका हाताच्या वाढत्यात," काकू म्हणाली. "दोन्हींच्या न्हाईत."

सुगंधानं पदर मनगटांवर ओढला. आणि जावयाचा निरोप तर येऊन पडला होता, रविवारी जीप घेऊन येतो, तयार ठेवा. पोरीला परत धाडायला मन घेत नव्हतं, आणि दारात आलेल्या जावयाला नाही म्हणायची रीत तिच्या घराण्यात कुणी पाहिली नव्हती.

गुरुवारी बाजार उठल्यावर चावडीपुढं ग्रामसभा भरली. काकू पदर खोचून पहिल्या रांगेत बसली आणि एकेकाकडं बघू लागली. एरवी सभेत घोरणारे पांडकर गुरुजी चक्क जागे होते. ग्रामसेवक कुलथे भाऊसाहेबांनी ठरावाचा कागद आधीच छापून आणला होता. नक्की कुठंतरी पाणी मुरतंय, काकूला वाटलं.

सरपंच शहाजीअण्णा बोलायला उठले.

"मंडळी, आपला गुरुवार म्हंजे दत्ताचा वार. सहा गावं आपल्या गुरुवारी उपास धरत्यात, पुण्य त्येंच्या पदरात पडतं. आणि त्येंच्याकडनं आपल्याला काय मिळतं? शनिवार! साडेसाती आपण शेजाऱ्याकडनं आणायची, ही कुठली रीत?"

लोकांनी माना डोलावल्या. मग कुलथे भाऊसाहेबांनी परिणाम वाचून दाखवले. ठराव मंजूर झाल्यास सूर्यास्तापासून गावात फक्त गुरुवार राहील. संघाकडे सहा वार उरतील, तो त्यांचा प्रश्न. गुरुवारचा उपास असणाऱ्यांनी एक गुरुवार आड धरावा. रविवार नसल्यानं शाळेला सुट्टी राहणार नाही. यावर मुलांची हरकत आली होती, ती वयामुळं फेटाळण्यात आली.

"आणि मीठ?" भामाकाकू उभी राहिली. "मीठ बुधवारचं येतं. मिरची शनिवारची. माझी काच सोमवारची. नुसता गुरुवार घिऊन आपण काय चाटायचा हाय का? मी रोज उठून कुणाच्या हातात बांगड्या भरू? ह्या दहा घरांच्या?"

"संघाबाहेरच्या गावांशी बोलणी चालू आहेत," भाऊसाहेब म्हणाले.

"त्येंच्याकडं कुठला वार हाय?"

"ते अद्याप कळवलेलं नाही."

लोक हसले. काकूला चेव आला. ती तडक अण्णांपुढं जाऊन उभी राहिली.

"अण्णा, खरं बोला. मंगळवारी कोर्टात तुमची तारीख हाय, बांधाच्या भांडणाची. तुमास्नी मंगळवार नको झालाय, म्हणून सगळ्या गावाचे सहा वार बुडवताय व्हय? आणि ह्ये गुरुजी! सोमवारी त्येंना बदलीच्या गावी हजर व्हायचंय. भाऊसाहेबांची शुक्रवारी तपासणी. मला काय ठाऊक न्हाई?"

गुरुजींनी चष्मा पुसायला घेतला. अण्णांना मात्र घाम फुटला नाही. ते काकूच्या जवळ आले आणि हळूच बोलले.

"हाय, मंगळवार नको झालाय मला. पण भामे, आपलं ठेवायचं झाकून आन् दुसऱ्याचं बघायचं वाकून, हे बरं न्हाई. रविवारी तुझ्या दारात जीप येणार हाय, हे बी गावाला ठाऊक हाय."

एवढा वेळ काकू दुसऱ्यांचे वार मोजत बसली होती आणि स्वतःचा तेवढा विसरली होती. तिनं मागं वळून पाहिलं. सुगंधा बायकांच्या मागं, खांबाला टेकून, पदरात दोन्ही मनगटं गुंडाळून बसली होती.

भाऊसाहेबांनी हात वर करायला सांगितले. काकूनं उजवा हात वर केला. मग राहवेना म्हणून डावाही केला.

"एकच धरला जाईल," भाऊसाहेब म्हणाले.

ठराव मंजूर झाला. सूर्य मावळला आणि सकाळी गुरुवार उजाडला.

बाजार भरला. कांदेवाल्यानं भेंडीवालीकडनं भेंडी घेतली, भेंडीवालीनं त्याच्याकडनं कांदे. दुपारी दोघांचंही आवरलं. दुसऱ्या गुरुवारी मिठाचा शेवटचा खडा संपला आणि लोक अण्णांना शिव्या घालू लागले. काकूची पेटी उघडलीच नाही. तिनं कुणाला शिव्या घातल्या नाहीत. पण हा गुरुवार खराच गुरुवार आहे की आतून दुसरंच काही, या शंकेनं ती उठून उठून आभाळाकडं बघायची.

तिसऱ्या गुरुवारी वेशीपाशी जीप आली. कुलथे भाऊसाहेब तिथं टेबल टाकून बसले होते.

"सुगंधाला न्यायला आलोय," जावई जालिंदर म्हणाला. पांढरीशुभ्र विजार, हातात मिठाईचा पुडा.

"कोणत्या वारी यायचं ठरलं होतं?"

"रविवारी. आज."

"तिकडे असेल. वेशीच्या आत गुरुवार आहे," भाऊसाहेब म्हणाले आणि वहीत नोंद केली.

जालिंदर हसला. मग हसायचा थांबला. एवढ्यात भामाकाकू डोक्यावरनं पदर घेऊन आली आणि वेशीच्या आतल्या बाजूला उभी राहिली. आवाज तिनं गोड ठेवला होता.

"मामी, काय चाललंय ह्ये? माझ्यावर इश्वास न्हाई का तुमचा?" जालिंदर सासूला म्हणाला.

"आसं कसं, जावईबापू? तुमचा शब्द आमाला परमाण. रविवारी येतो म्हणालात न्हवं? मग रविवारी या. दिवसभर पोरीला नटवून बसवते, आडवी आले तर नावाची न्हाई."

"पण इथं रविवार कधी हाय?"

"ते आमच्या हातात न्हाई बापू. गाव करील ते खरं."

जालिंदरनं मोबाईल पाहिला. भाऊसाहेबांकडं पाहिलं. रागानं त्याचं तोंड लालबुंद झालं, पण शब्द त्याचाच होता, आणि वारही त्यानंच सांगितला होता. शेवटी तो जीपच्या सावलीत बसला आणि रविवारची वाट बघू लागला.

काकू घरी आली. सुगंधा चुलीपुढं बसली होती, अंगाचं मुटकुळं करून.

"गेले का गं?"

"न्हाई. बसल्यात."

सुगंधानं चुलीत एक लाकूड सारलं. मग हळूच म्हणाली, "आई, उद्या कुठला वार?"

काकूनं दाराकडं पाहिलं, खिडकीकडं पाहिलं, कडी नीट लागलीय ना तेही पाहिलं.

"गुरुवार," ती म्हणाली. "जेव तू."