चार नंबरची जागा

"काका, तुमचं लायसन्स दाखवा ना," विनीत म्हणाला, तेव्हा रवींद्र घाग त्याच्याच बाइकला साखळी लावत होते.

डोंबिवलीतल्या त्या सोसायटीत 'लायसन्स नाही त्याला पार्किंग नाही' हा नियम रवींद्ररावांनीच मंजूर करून घेतला होता. ते पार्किंग समितीचे प्रमुख. नियम पाळण्यापेक्षा पाळायला लावण्याचा त्यांना भारी उत्साह. त्यांनी तोऱ्यात पाकीट उघडलं. लायसन्स होतं, पण चार वर्षांपूर्वी मुदत संपलेलं.

"रविवारच्या मीटिंगमध्ये नवीन दाखवतो," ते कसंबसं म्हणाले.

"शिकाऊ असलं तरी चालेल, काका," विनीत उदारपणे म्हणाला.

नाहीतर चार नंबरची जागा जाणार होती. घराच्या अगदी खिडकीखालची, वीस वर्षं स्कूटर उभी राहिलेली जागा. शिकाऊ लायसन्सची परीक्षा शुक्रवारी होती.

"बाबा, पुस्तकातलं तुमच्या डोक्यात राहत नाही. आपण घरातच पाट्या चिकटवू," मुलगी पायल म्हणाली. तिने रस्त्यावरच्या खुणांची चित्रं छापून आणली आणि विचार करून जागोजागी लावली. स्वयंपाकघराच्या दारावर 'प्रवेश बंद'. सोफ्यावर 'पार्किंग मनाई'. बाथरूमवर 'रस्ता द्या', कारण रवींद्रराव सकाळी पेपर घेऊन आत जात आणि बाहेर रांग लागे.

त्यांच्या पत्नी शालनताईंना हे राज्य फारच मानवलं. "अहो, सोफ्यावरून उठा. पाटी दिसत नाही?" असं दिवसातून चारदा होऊ लागलं. रवींद्रराव मात्र खूश होते. घरभर फिरत ते घोकायचे, "सोफा, पार्किंग मनाई. बाथरूम, रस्ता द्या." चित्राकडे बघायची त्यांना गरजच उरली नव्हती.

गुरुवारी नौपाड्याहून शालनताईंचा भाऊ सहकुटुंब जेवायला येणार होता. "माझ्या भावाला बाथरूमवर लाल त्रिकोण दाखवायचा का?" म्हणत त्यांनी सगळ्या पाट्या काढल्या. पाहुणे गेल्यावर परत लावल्या, पण जिथे चिकटपट्टी धरेल तिथे. रवींद्ररावांनी त्याच घरात, त्याच क्रमाने शेवटची उजळणी केली. या वेळी त्यांनी चित्रंही मन लावून बघितली, हेच चुकलं.

शुक्रवारी कल्याणच्या आरटीओत दोघंही गेले. "तुम्ही एकटे घाबराल," म्हणून शालनताईंनीही फॉर्म भरला होता. स्क्रीनवर लाल गोल आला, मध्ये पांढरी पट्टी. ही तर काल सोफ्यावर होती. रवींद्ररावांनी 'पार्किंग मनाई' दाबलं. मग उलटा लाल त्रिकोण आला, तो स्वयंपाकघरावर होता. त्यांनी आत्मविश्वासाने 'प्रवेश बंद' दाबलं.

पंधरापैकी नऊ हवे होते. त्यांना आठ मिळाले आणि शालनताईंना चौदा.

"तू कधी अभ्यास केलास गं?"

"अहो, पाट्या काढल्या कोणी, परत लावल्या कोणी?"

रवींद्रराव बाकावर बसले. त्यांना वाईट वाटलं, आणि थोड्या वेळाने हसूही आलं. "वीस वर्षं मी लोकांना नियम दाखवतोय," ते म्हणाले. "स्वतः बघितला असता तर आज नऊ पडले असते."

पुन्हा परीक्षा रविवारच्या आत होण्यासारखी नव्हती. मीटिंगमध्ये विनीतने विचारण्याआधीच ते उभे राहिले. आपले आठ मार्क त्यांनी स्वतःच जाहीर केले आणि स्वतःच्याच नियमानुसार चार नंबर सोडला. पुढचाच अर्ज शालन रवींद्र घाग यांचा होता. कागद चोख होते, त्यामुळे जागा लगेच मिळाली.

सोमवारी सकाळी ऑफिसला निघताना सवयीने त्यांचे पाय चार नंबरकडे वळले. स्कूटरच्या सीटवर घरातलाच एक कागद चिकटवलेला होता. लाल गोल, मध्ये पांढरी पट्टी.

"काय हो, ओळखली का?" वरच्या खिडकीतून शालनताईंनी विचारलं.

पाटी कुठे लावली आहे हे सोडून रवींद्ररावांनी पहिल्यांदाच पाटी नीट बघितली.

"प्रवेश बंद," ते म्हणाले.

"झाले बघा नऊ," शालनताई म्हणाल्या. "आता रिक्षाने जा."