एका नंबरावरच्या आज्या

पाईकराव सर दवाखान्यातल्या कॉम्प्युटरला ‘निजाम’ म्हणतात. तो बंद पडला की बाहेरच्या रांगेला ओरडून सांगतात, “थांबा जरा, निजाम झोपला!” चालू झाला की, “उठला. आता हुकूम सोडंल.”

वसमतकडच्या एका सरकारी दवाखान्याचा कारभार सर बघतात. अशा कारभाऱ्यांना कॉम्प्युटरच्या कामासाठी तयार करणं ही माझी नोकरी. विषयाचं नाव ‘डिजिटल बदलाचं नेतृत्व’. हिंगोलीच्या प्रशिक्षणात मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, “म्याडम, नेतृत्व करतो की. पण बदलाला म्हणा, एसीतून उठ अन् एकदा केसपेपरच्या खिडकीत बस.” सगळा हॉल हसला. मी नाही. मला त्या हॉलसमोर दिवसभर बोलायचं होतं.

नवा नियम असा, की पेशंटची नोंद त्याच्या मोबाइलवर. ओटीपी तिथंच, रिपोर्टही तिथंच. जमलं नाही तर सरांची खुर्ची दुसऱ्याला जायची, आणि तसा शेरा मीच मारायचा होता. पण सरांच्या दवाखान्यात एकही नोंद बाकी नव्हती. इतकं चांगलं काम बघून मला संशय आला. तपासलं, तर ढीगभर म्हाताऱ्या एकाच नंबरावर. नंबर सरांचा.

मी तडक दवाखाना गाठला. सर खिडकीतून एका आजीवर डाफरत होते.

“फोन काहून आणला न्हाई?”

“पोराजवळ हाय. पोरगं पुण्याला.”

“मग शुगर पुण्याहून तपासायची का? लाव अंगठा.”

हळदीच्या कामानं झिजलेला अंगठा. मशीननं घेतला नाही. सरांनी कपाळावर हात मारला आणि खिशातून स्वतःचा फोन काढला.

“सर!” मी ओरडले. “उद्या आजीची शुगर वाढली तर मेसेज कुणाला?”

“मला.”

“आणि तिला कोण सांगणार?”

“मीच. दर रविवारी गाडी काढून गावोगाव हिंडून राहिलो ना! निजाम जातो का तिच्या दारात?”

माझं डोकं फिरलं. सरांवर, आणि नियम करताना अशी आजी ज्यांच्या डोळ्यांपुढे कधी आलीच नाही त्यांच्यावरही. वरच्यांशी फोनवर कडाकडा भांडले आणि फोनशिवाय नोंद करायची सोय चालू करून घेतली. रिपोर्ट छापून त्या-त्या गावच्या आशाताईंनी घरपोच द्यायचा. शेऱ्यात लिहिलं, ‘माणूस बदलू नये.’ मग सरांशेजारी बसून एकेका आजीपुढचा त्यांचा नंबर काढायला लागले.

“गेली तुमची तकलीफ,” मी म्हटलं.

“बराबर.” मग खाली बघत, “म्याडम, कुरुंद्याच्या आजीचं तेवढं राहू द्या. रविवारी तिच्याकडं भाकर असते. घरी एकट्यापुरतं काय रांधावं?”

“नियम सगळ्यांना सारखा.” मी तिथलाही नंबर काढला. “जेवायला जायला मेसेज लागतो का हो?”

“बिनकामाचं कसं जावं, म्याडम?”

असा संताप आला मला! “आता रिपोर्ट आशाताई आणतील, हे तिला कोण सांगणार? मी? जा. हे काम आहे.”

रविवार नव्हता. तरी सरांनी गाडीची किल्ली उचलली.