हिताचा फोटो

बुद्धघोष गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते आणि फोटो अपलोड झाल्याशिवाय जगात काहीही घडत नाही, हे नोकरीनं त्यांना पुरतं शिकवलं होतं. वृक्षारोपण ते दर वर्षी एकाच खड्ड्यात करत. झाड जगलं नाही, फोटो जगले.

पत्नी श्रावस्ती वेगळी झाली आणि सात वर्षांच्या उत्पलाला घेऊन धाराशिवला राहू लागली, तेव्हा लेकीविना घर गुरुजींना खायला उठलं. त्यांनी ताब्यासाठी रीतसर अर्ज केला. वकील बब्रुवानरावांनी कायदा समजावला: आईचा हक्क, बापाचा हक्क हे सगळं मागाहून, कोर्ट आधी लेकराचं हित बघतं. गुरुजींच्या डोक्यात एवढंच शिरलं की हित दिसलं पाहिजे.

निकाल लागेपर्यंत महिन्यातून दोन शनिवारी, कोर्टातल्या मुलांच्या खोलीत भेट ठरली. गुरुजी केळं घेऊन गेले. भरवतानाचा फोटो अंधारा आला, म्हणून पुन्हा काढला. त्यात उत्पला हसत नव्हती, म्हणून आणखी एक. मग केळं बाजूला ठेवून गोष्ट वाचतानाचे, वेणी घालतानाचे फोटो झाले. सोबत आलेले त्यांचे वडील आबाराव शेवटी म्हणाले, "आरं, लेकराला आधी खाऊ तर दे."

"आबा, अर्ध्या खाल्लेल्या केळ्यात हित दिसत न्हाय," गुरुजींनी समजावलं. तेवढ्यात वेळ संपली. केळं गुरुजींनीच परतीच्या एसटीत खाल्लं.

फोटो भावकीच्या ग्रुपवर पडत, भराभर अंगठे येत, कोर्टात दाखवायची फाईल फुगत गेली.

सुनावणीला न्यायाधीश मॅडमनी उत्पलाला दालनात बोलावून विचारलं, पप्पांकडं राहशील का? पोरगी ताठ उभी राहिली, मान जराशी कलती करून गोड हसली आणि बराच वेळ तशीच थांबली. मग म्हणाली, "निघाला का? आता बसू?"

मॅडमनी ते निकालात जसंच्या तसं लिहिलं. ताबा आईकडं राहिला. वडिलांच्या भेटी चालू, मात्र मोबाईल दाराशी जमा.

पुढच्या शनिवारी हातांचं काय करावं, हेच गुरुजींना कळेना. अखेर त्यांनी केळं सोललं. उत्पला हसून थांबली.

"फोटो न्हाय, बाळा. खा."

तिनं आधी संशयानं पाहिलं, मग सगळं केळं खाल्लं, चिकट हात त्यांच्या सदऱ्याला पुसले आणि त्यांच्या मांडीवर डोकं टेकलं. गुरुजींना रडू कोसळलं. लाजेची गोष्ट अशी, की तेव्हाही त्यांचा एक हात रिकामा खिसा चाचपत होता.

सदर प्रसंगाचा फोटो उपलब्ध नाही. त्यामुळं तो घडला, असं आपण तरी कशाला मानाल?