रिकामं आलेलं तपेलं

दिल्लीच्या प्रदर्शनाहून परत आलेलं पेशवेकालीन तपेलं पोतनीस संग्रहालयाच्या आत यायला तयार नव्हतं, कारण दिल्लीकरांनी ते रिकामं पाठवलं होतं. ते बाहेर फूटपाथवरच बसून राहिलं.

संग्रहालयाच्या प्रमुख वसुधाताई कारखानीस यांना त्याचं म्हणणं पटत होतं. ही इमारत म्हणजे मुळात कमलाकर पोतनिसांचं राहतं घर. नाणी, मूर्ती, चित्रं जमवता जमवता पोतनिसांना झोपायला जागा उरली नाही, तेव्हा त्यांनी सगळं घरच शहराला देऊन टाकलं. वस्तूंचं वळण मात्र घरचंच राहिलं. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, हे तिथल्या दगडी नंदीलासुद्धा ठाऊक होतं.

पण पालिकेच्या अतिक्रमण विभागाचे तोडकर ट्रक घेऊन आले होते. "ताई, फूटपाथवरची वस्तू संध्याकाळी आमच्या गोदामात जाते. तिथं नुसत्या पाणीपुरीच्या गाड्या. तपेल्याला करमायचं नाही."

या तपेल्यावर वसुधाताईंचा फार जीव. त्या धावत जाऊन ऑफिसातली चहाची साखर घेऊन आल्या.

"आपलीच साखर घेऊन आपल्याच घरात येऊ?" तपेलं म्हणालं. "चारचौघांत बरं दिसतं का ते?"

तपेल्यासोबत दिल्लीचे देवस्थळी आले होते. सगळा जन्म तिकडे गेलेला माणूस. ते म्हणाले, "वस्तू नेली तशी परत करायची, असा करार आहे. शिवाय पुराणवस्तूत खाण्याचं काही ठेवलं की मुंग्या लागतात."

"झाकण आहे मला," तपेलं म्हणालं.

"साहेब, तुमच्या आईनं कधी कुणाचं भांडं रिकामं दिलं होतं का हो?" तोडकरांनी विचारलं.

देवस्थळी वरमले. त्यांनी दिल्लीला फोन लावून मंजुरी मिळवली आणि कोपऱ्यावरच्या वाण्याकडून साखर आणून तपेल्यात घातली. तपेलं तडक उठलं, पायऱ्या चढलं आणि आपल्या जागेवर जाऊन बसलं. वसुधाताईंना आनंदानं रडू फुटलं.

देवस्थळी निघाले, तर ज्यातून तपेलं आलं ते दिल्लीचं लाकडी खोकं जागचं हलेना.

"मी रिकामं कसं जाऊ?" खोकं म्हणालं.

यात वावगं काहीच नव्हतं. वसुधाताईंनी चिवडा आणला, पण खोक्यात तपेल्याशिवाय दुसरं काही ठेवायला करारात मनाई होती. तेवढ्यात तपेलं आपणहून पायऱ्या उतरून आलं.

"माझ्यापायी तुम्हाला कुणी नावं ठेवायला नकोत," असं म्हणून ते खोक्यात शिरलं.

वसुधाताईंना फार वाईट वाटलं. पण रीत ती रीत. त्यांनी साखर काढून घेतली, तपेल्यात काठोकाठ चिवडा भरला आणि झाकण घट्ट लावलं.

"येताना खोकं नको," त्यांनी देवस्थळींना बजावलं. "पिशवीतून आणा. पिशवी कुणी परत मागत नाही."