पाचवं सावधान

माझं गाणं सुरू असताना माणूस जागचा उठत नाही! हे मी नाही म्हणत, तुळजापुरातली जुनी मंडळी म्हणतात. संगीत नाटकात मी नारद व्हायचो तेव्हा एकेका पदाला चार-चार वन्स मोअर पडायचे. एकदा तर पडदा पाडणारा माणूसच गाण्यात रंगला आणि पडदा पाडायचं विसरला!

अशा माणसानं अकरा वर्षं घासून तयार केलेली शिष्या लग्नांतून मंगलाष्टकं म्हणत फिरते, तर संताप येणार नाही का? भैरवी तिचं नाव. माझ्या क्लासमधला सगळ्यात सुरेल गळा! तिनं ग्रुप काढला. तीन पोरी, एक कीबोर्ड आणि प्रत्येक मंगलाष्टक सिनेमातल्या गाण्याच्या चालीवर! येत्या पाडव्याला क्लासला पंचवीस वर्षं होणार, त्या मैफलीत तिनंच गायचं, असं मी ठरवून बसलो होतो. तर बाईसाहेबांनी त्याच दिवशी तेर गावातलं लग्न धरलेलं!

मी तिला बोलावून फैलावर घेतलं. तिनं शांतपणे मोबाईल माझ्या नाकासमोर धरला.

"बघा सर, हे ऑपेरा गाणारे. आता पॉप गातात. अख्खं स्टेडियम भरलंय! आपण नाट्यसंगीतवाल्यांनी तेवढं का सोवळ्यात बसायचं?"

"उतरायचं नसतं, भैरवी! लोकांना वर ओढायचं असतं! माझ्या हातात माईक दे, मंगलाष्टकंसुद्धा कशी रंगतात ते दाखवतो."

"ढोकीला रविवारी लग्न आहे. या. पण लोक उठले तर?"

"एक माणूस जरी उठला, तर तुझ्या ग्रुपात पेटी वाजवीन! आणि कुणी उठलं नाही, तर पाडव्याला तू माझ्या मैफलीत गायचं."

"ठरलं," ती म्हणाली. इतक्या लगेच म्हणाली, की तेव्हाच मला शंका यायला हवी होती!

ढोकीचा मंडप म्हणजे आठशे माणूस. मुलीचे वडील बलभीमराव ट्रॅक्टरच्या आवाजावर बोलायची सवय असलेले. त्यांनी माझ्याआधीच माईक धरला.

"पावनं, ऐका! मंगलाष्टकं पाचच हायेत. पाचवं सावधान झालं की लग्न लागलं. मग कुणी जेवल्याबिगर जायाचं न्हाय! बँडवाले, तुमी बी पाचव्यालाच वाजवा!" मग माझ्याकडं वळून म्हणाले, "सर, लई लांबवू नका. बारा पस्तीसचा मुहूर्त हाय."

मला सांगतात! गेली चाळीस वर्षं मी गातोय!

अंतरपाट धरला. अलीकडं दीपमाला, पलीकडं दिग्विजय, दोघांच्या हातात हार. मी डोळे मिटले आणि षड्ज लावला. पहिल्या मंगलाष्टकाचे चारही चरण संथ, ठाय लयीत म्हटले आणि 'शुभमंगल सावधान'वर समेला आलो. काय समेवर आलो म्हणता! आठशे माणसांनी अक्षता उधळल्या. अशी दाद मला नाटकातसुद्धा मिळाली नव्हती.

आता नाट्यसंगीत म्हटलं की शेवटची ओळ एकदा म्हणून सोडून देतात का? ती घोळवायची असते! मी तान घेऊन पुन्हा 'सावधान'वर आलो. पुन्हा अक्षता! तिसऱ्यांदा वरच्या पंचमाला हात लावून आलो. अक्षता! चौथ्यांदा आलो, तेव्हा मंडपात एकदम चुळबुळ झाली. मला वाटलं, लोक भारावले. पाचव्यांदा मी असा काही 'सावधान' टाकला, की...

बँड वाजला!

डोळे उघडले, तर आठशे पाठी! सगळा मंडप उठून जेवणाकडं धावत होता. लोकांनी सावधान मोजले होते हो, मंगलाष्टकं नव्हे! माझं बिचारं पहिलंच चाललं होतं. समोर उरले भटजी सोमेशगुरुजी, अंतरपाट धरून हात अवघडलेले दोन मामा आणि अजून लग्न न लागलेले नवरा-नवरी. जागचं हलता येत असतं तर तेही गेले असते.

तेवढ्यात नवरीची आजी धुरपदाबाई काठी टेकत पंगतीत घुसल्या. त्यांचा आवाज बँडपेक्षा मोठा होता.

"आरं मुडद्यांनो, पोरीचं लगीन लागायचंय अजून, अन् तुमी बुंदी खायलाव व्हय? उठा!"

"आजी, पाच झाले की! म्या सोता मोजले," एक पाहुणा तोंडात घास धरून म्हणाला.

"मुहूर्ताला चार मिनिटं!" सोमेशगुरुजी स्टेजवरून ओरडले.

बलभीमराव माझ्याकडं आले. मी नमस्काराच्या तयारीत. त्यांनी माझ्या हातातला माईक काढून घेतला, भैरवीला दिला आणि माझ्या हातात रिकामी परात ठेवली.

"सर, अक्षता संपल्यात. तेवढ्या गोळा करा!"

संगीत नाटकातला नारद सतरंजीवर गुडघे टेकून तांदूळ वेचतोय, आणि वर भैरवी कीबोर्डवर उडत्या चालीत उरलेली चार मंगलाष्टकं म्हणतेय! तीन मिनिटांत आटोपली पोरीनं. लग्न लागलं. आणि राग कशाचा आला सांगू? पंचम तिनं अगदी स्वच्छ लावला होता. मीच शिकवलेला!

शब्द म्हणजे शब्द. पाडव्याला क्लासला कुलूप लावलं आणि तेरच्या मंडपात पेटीवर बसलो. गाणार नव्हतोच. पण भैरवीनं अशी एक जागा घेतली, की माझ्या तोंडून नकळत नुसती "वाऽऽ!" अशी लांबलचक दाद गेली.

मागच्या दोन रांगांनी तोही 'सावधान'च मोजला आणि त्या जेवायला उठल्या!