मुलाकडची गाडी

मे महिन्यातल्या त्या शनिवारी दिंडोरी रोडवर गाडी लावण्याजोगी सावली एकाच कडुलिंबाखाली उरली होती, आणि तो कडुलिंब एका मंगल कार्यालयाच्या आवारात होता. स्नेहलनं आपली पांढरी गाडी बेधडक आत घातली.

ती पुण्याहून आली होती. एकटी. विमा कंपनीच्या तक्रार विभागात वर्षानुवर्षं लोकांची कटकट ऐकून तिचे कान किटले होते. या उन्हाळ्यात तिनं नवऱ्याला सांगून टाकलं, "मी गाडी घेऊन फिरणार. कुणाशी बोलणार नाही, कुणाचं ऐकणार नाही." शुक्रवार-शनिवार नाशिक, मग सापुतारा, पुढे रस्ता नेईल तिकडे. कालपासून ती फक्त हॉटेलच्या वेटरशी बोलली होती, आणि तेही मानेनं.

"कोणाकडच्या?" फाटकावरचा वॉचमन सहादू आडवा आला. "लग्नाच्याच गाड्यांना आत जागा हाय."

समोर मिसळीचं हॉटेल दिसत होतं आणि बाहेर ऊन नुसतं भाजून काढत होतं.

"मुलाकडची," स्नेहल म्हणाली.

मिसळ झकास होती. रस्सा दोनदा मागवून, पापड चुरून, वर दही ओरपून ती निवांत परत आली, तर कडुलिंबाखाली तिची गाडी नव्हती. एक झेंडूचा ढीग होता, त्याला आरसे होते. मागच्या काचेवर थर्माकोलची अक्षरं होती, 'सनी वेड्स आरोही'. एक माणूस दातानं टेप तोडत बॉनेटवर गुलाबांचा बदाम चिकटवत होता.

"अहो! ही माझी गाडी आहे!"

"मग बरं झालं," फुलवाला रियाज म्हणाला. "चावी फिरवा ताई, एसी लावून ठेवा. नवरदेव शेरवानीत शिजलाय."

"पण तुम्हाला सांगितलं कुणी?"

"मुलाकडच्यांनी. म्हणाले, कडुलिंबाखालची पांढरी. ही पांढरीच आहे ना?"

स्नेहल खरं काय ते सांगणार, इतक्यात फेटा सावरत एक घामाघूम गृहस्थ धावत आले. ते नवरदेवाचे मामा, गोटीराम. नवरदेवासकट वऱ्हाड नांदगावहून रात्रीच बसनं आलं होतं. नवरदेवासाठी ठरवलेली गाडी मागून सकाळी निघाली ती चांदवडपाशी तापून उभी राहिली. आता नवरदेवाला मारुतीच्या पाया पडायला नेऊन परत आणायचं होतं, आणि मुहूर्त तोंडावर आला होता.

"ताई, तुम्ही मुलीकडच्या का?"

"मुलाकडच्या हायेत," सहादूनं परस्पर ग्वाही दिली.

मामांनी डोळे बारीक केले. "मुलाचा मामा मी. मी कसा वळखत नाय? कोणाच्या तुम्ही?"

"लांबच्या," स्नेहलच्या तोंडून निघालं. "पुण्याच्या."

"पुण्याच्या!" मामांचा चेहरा उजळला. "म्हंजे आपल्या येवल्याच्या सुशीची पोरगी! पुण्याला दिलेली! तरीच म्हनलं, हे नाक पाहिल्यासारखं वाटतंय!"

पुढच्याच क्षणी सुशीच्या पोरीच्या गाडीत मागे नवरदेव बसला, त्याच्या दोन्ही अंगांना दोन करवल्या बसल्या आणि पुढच्या सीटवर नारळ मांडीत घेऊन नवरदेवाची आत्या बसली. अक्काबाई. वाळकी, ताठ, नऊवारीतली. तिनं बसल्या बसल्या खिडकीकडे तोंड केलं.

मारुतीपर्यंत सगळं ठीक झालं. येताना बँड सुरू झाला आणि गाडीपुढची पोरं नाचता नाचता रस्त्यावर लोळायलाच लागली. समोरून कांद्याचा ट्रॅक्टर येऊन अडकला. गाडी गोगलगायीच्या चालीनंही सरकेना.

"ताई," मागून सनीचा रडवेला आवाज आला, "सासरे मुहूर्ताचे लय कडक हायेत. हा टळला तर संध्याकाळच्या मुहूर्तापर्यंत उभं ठेवतील. थोरल्या जावयाला तसंच केलं होतं. तो आजून बोलत नाय त्यांच्याशी."

स्नेहलनं काच खाली केली, अर्धं अंग बाहेर काढलं आणि इतकी वर्षं लोकांनी तिला फोनवर जे जे ऐकवलं होतं ते सगळं एका दमात त्या पोरांना ऐकवलं. बँडवाल्याचा क्लॅरिनेट मध्येच किंचाळून थांबला. पोरं उठून उभी राहिली. ट्रॅक्टरवाल्यानं, त्याला कुणी काही म्हटलं नसताना, ट्रॅक्टर मागे घेतला.

मंगलाष्टकं वेळेवर सुरू झाली. अक्षता टाकायला स्नेहल सगळ्यात पुढे उभी होती. सनी-आरोहीला ती अजून नीट ओळखतही नव्हती.

पंगतीत मामा स्वतः तिला जिलबी वाढत होते. तेवढ्यात ते ओरडले, "ये सुशे! पोरगी लय गुणाची हाय बरं का तुझी!"

येवल्याची सुशी हातात ताट घेऊन थबकली. "कोणती पोरगी? मला दोन पोरगेच हायेत."

सगळी पंगत जेवायची थांबली. स्नेहलनं अख्खी जिलबी तोंडात कोंबली.

"आगं, मानलेली," पलीकडून सावकाश आवाज आला. अक्काबाई भाताला खड्डा करून वरण ओतत होती. "मागं जत्रेत मानली नव्हती का तिला? इसरलीस?"

विसराळू ठरायची सुशीची तयारी नव्हती. "हां हां, ती व्हय!" म्हणत तिनं पुढे येऊन स्नेहलच्या चेहऱ्यावरून हात फिरवून बोटं मोडली. "केवढी मोठी झाली गं!"

हात धुताना स्नेहलनं अक्काबाईला गाठलं. "अक्का, मी तुमच्याकडची नाही हो."

"ठावं हाय. मीच दावली त्या रियाजला तुझी गाडी. ह्याला इचार, त्याला इचार करत बसले असते तर मुहूर्त गेला असता. फाटकात ऐकलं व्हतं मी तुझं. म्हनलं, सावलीसाठी येवढं खोटं बोलती, म्हंजे बाई कामाची हाय." तिनं पदराला हात पुसले. "उद्या कुठं जायाचं?"

"सापुताऱ्याला."

"मंग वणी वाटंतच हाय. देवीला जाऊन येते, आसं सांगते घरी. आज आमचा मुक्काम हितंच हाय, सकाळी मला हितनंच घे."

रविवारी सकाळी अक्काबाई पिशवी घेऊन फाटकात उभी होती. दिंडोरी मागे पडलं, वणी आलं. स्नेहलनं वेग कमी केला. "अक्का, गडावर सोडू ना?"

"देवीला दरसाल जाते. ती काय मनाला लावून घ्यायची नाय. तुझं ते सापुतारं दाव."

स्नेहलला हसू फुटलं. घर सोडल्यापासून पहिल्यांदाच तिला कुणाशी तरी पोटभर बोलावंसं वाटत होतं. कालची पोरं, मामांचा फेटा, सनीचा घाबरलेला चेहरा... "अक्का, काल सुशीमावशींचं तोंड पाहिलंत का तुम्ही? मला तर वाटलं, आता आपली—"

अक्काबाईनं हात वर केला.

"ये बाई. घरात खंडीभर मानसं हायेत, रातंदिस बोलत्यात. मी गप ऱ्हायला आलेय. बोलायचंच आसंल तर हितंच उतरव मला."

तिनं सीटला मान टेकली, पदर डोळ्यांवर ओढला आणि खिडकीकडे तोंड केलं. स्नेहलनं मुकाट्यानं गाडी पुढे काढली. सापुतारा अजून बराच लांब होता, आणि सांगण्यासारखं तर अजून पुष्कळ होतं.