पायथावाडीच्या धरणाखाली श्रीमंतांनी बाग लावली त्याची हकीकत

श्रीविघ्नहर्त्यास नमन, शारदेस नमन, आणि खरे लिहिले असताही जो फाडला गेला नाही त्या कागदास विशेष नमन. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, भाद्रपद मास. संवत्सराचे नाव क्रोधी, लेखकाची वृत्तीही सांप्रत तीच, त्याबद्दल वाचणाराने क्षमा करावी. अमुक एक राज्य होते. नाव सांगत नाही, सांगितले असता चार राज्ये एकदम रागावतील. त्या राज्याचे धनी श्रीमंत, लोकांनी मते देऊन गादीवर बसविलेले, स्वभावे दयाळू, वाणी गोड, कोणी रडताना दिसला तर आपल्या डोळ्यांस रुमाल लावणारे. लबाड म्हणावे तर तसे नव्हते, आणि हीच मोठी पंचाईत, कारण लबाडास निदान खरे काय ते ठाऊक असते. गादीवर आले त्या पहिल्याच वर्षी एके सकाळी कागदांचा ढीग पुढे आला, कोठे रोगराई, कोठे रस्ता वाहून गेलेला, कोठे शाळेचे छप्पर उडालेले, आणि तो वाचता वाचता श्रीमंतांचे पोहे थंड जाहले. मग श्रीमंतांनी आज्ञा केली की, "येथून पुढे कोणताही कागद आमच्यापुढे चार ओळींचा यावा, त्यात चांगले असेल ते आधी यावे, आणि वाचून मन खचेल असे काही नसावे, आम्हांस दिवसभर राज्य करावयाचे असते." खासगीचे चिटणीस त्र्यंबकराव यांनी ही आज्ञा मस्तकी धरली आणि तीन मेजांची रीत घातली. पहिले मेज तालुक्याचे, दुसरे खात्याचे, तिसरे खासगी कचेरीचे, आणि प्रत्येक मेजाने कागद निम्मा करावा आणि त्यातील कडूपणा काढावा, मग चिटणिसांनी तो हुजूर वाचावा. तिसऱ्या मेजावर प्रस्तुत लेखक बसत असे. बारा वर्षे बसला, आणि हात असा बसला की घरी पोराला ताप आला तेव्हा "प्रकृतीत ऊब आहे" असे बोलून गेला, आणि कुटुंबाने लाटणे उगारले.

त्या राज्यात पायथावाडी म्हणून एकशे चाळीस उंबऱ्यांचे गाव, आणि गावाच्या डोक्यावर मातीचे जुने धरण. धरणावर गेनू आवटे नावाचा पाटकरी होता, म्हणजे पाटाला पाणी सोडावे आणि भिंतीची राखण करावी हे त्याचे काम. सत्तावीस वर्षे रोज सकाळी भिंतीवरून चालत जाई आणि चालत येई. ज्येष्ठात त्यास भिंतीच्या पायथ्याशी पाणी झिरपताना दिसले. त्याने तेथे पत्र्याचा डबा लावला, तो पाऊण तासाने भरला. पुढल्या आठवड्यात अर्ध्या तासाने भरला, मग दहा मिनिटांत. मग गेनूने कागद लिहिला तो असा: "धरण गळत आहे. गळती वाढत आहे. खाली गाव आहे. साहेब लोकांनी येऊन बघावे." वाक्ये चारच, म्हणजे श्रीमंतांच्या आज्ञेत आपसूक बसणारी, तो तसाच हुजूर गेला असता तर ही बखर लिहावी लागली नसती. परंतु पहिल्या मेजाने लिहिले की धरणाच्या पायथ्याशी किरकोळ पाझर असून तो नैसर्गिक आहे, आणि दुसऱ्याने लिहिले की पाझरामुळे पायथ्याशी ओलावा टिकून राहतो, आणि मग कागद तिसऱ्या मेजावर आला, आणि तेथे लिहिले गेले की पायथावाडी धरणाखाली बारमाही हिरवळ असून ग्रामस्थ समाधानी आहेत. ही ओळ माझी. समाधानी ग्रामस्थ कोठून आणले असे कोणी विचारील, तर वाक्य शेवटी पडके वाटत होते म्हणून घातले. लाज वाटते, परंतु लिहिले ते लिहिले. गेनूने अशी सात पत्रे धाडिली, पत्रागणिक त्याचा धीर सुटत गेला आणि पत्रागणिक आमची हिरवळ दाट होत गेली.

सातवे पत्र हुजूर वाचले गेले तेव्हा श्रीमंत बहुत संतोष पावले आणि बोलिले, "आमच्या राज्यात एवढी हिरवळ, आणि आम्हांस पत्ता नाही? त्र्यंबकराव, तेथे बाग करा. दोनशे एक झाडे लावा. पहिले आम्ही लावू." मग हुकूम सुटला, आणि मग धरणाच्या ऐन पायथ्याशी, जेथे भिंतीची माती पाण्याने आधीच ढिली जाहली होती, तेथे दोनशे एक खड्डे खणण्यास माणसे लागली. वाचणाराने येथे क्षणभर थांबून कपाळावर हात मारून घ्यावा, लेखकाने मारून घेतला आहे. गेनू धावत आला, कुदळी धरू लागला, म्हणाला, "आरं बाबांनो, भिंतीचं पाय खणताय व्हय?" तेथील अभियंता खाली मान घालून म्हणाला, "गेनभाऊ, मलाही दिसतंय. पण वरून आलंय. मी काय करू?" खड्डे खणले गेले आणि रात्रीत आपोआप पाण्याने भरले, आणि आमच्या कचेरीत बातमी आली की रोपांस पाणी घालण्याचेही कष्ट वाचले, जमीनच एवढी गुणाची आहे. ही बातमी आम्ही ठळक अक्षरांत हुजूर ठेविली.

भाद्रपद शुद्ध दशमीस श्रीमंतांची स्वारी निघाली, पुढे सात मोटारी आणि मागे अकरा. चिखलावर फळ्या आणि फळ्यांवर लाल जाजम घातले होते, तरी श्रीमंतांचा उजवा जोडा घोट्यापर्यंत रुतला, आणि त्र्यंबकराव लगबगीने म्हणाले, "धूळ बसावी म्हणून पाणी मारलंय, साहेब." भाद्रपदात धूळ! आणि श्रीमंतांनी मान डोलविली. रोप लावले, टाळ्या जाहल्या, इतक्यात गेनू आवटे शिपायांच्या काखेखालून मांडवात शिरला. त्याच्या दोन्ही हातांत दोन काचेच्या बाटल्या. एकीतले पाणी निवळ, दुसरीतले गढूळ. म्हणाला, "साहेब, ही गेल्या आठवड्याची बाटली, न् ही आज सकाळची. निवळ पाणी झिरपतंय तंवर ठीक, गढूळ यायला लागलं म्हंजी भिंतीची माती आतून वाहून चाललीय. धरण फुटणार, साहेब. गाव उठवा." आणि गढूळ बाटली त्याने श्रीमंतांच्या हातात दिली. श्रीमंतांनी ती घेतली, उजेडाकडे धरून पाहिली. पाहिली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले, दहा हातांवर कागद धरून उभा होतो. मग श्रीमंत अतिशय मायेने बोलिले, "तुमचं म्हणणं फार मोलाचं आहे. हे आम्हांला लेखी द्या."

"लेखीच दिलंय, साहेब. सात येळा."

श्रीमंत चिटणिसांकडे वळले. "त्र्यंबकराव, यांची पत्रं आली होती?"

"आली ना, साहेब. त्या पत्रांवरूनच तर ही बाग झाली."

मग श्रीमंतांचा चेहरा उजळला आणि ते म्हणाले, "म्हणजे ही कल्पना तुमची! अहो, आधी सांगायचं नाही का?" आणि आज्ञा जाहली, आणि शाल आली आणि नारळ आला, आणि बाटली शिपायाच्या हाती गेली, आणि गेनू आवटे याचा मांडवात सत्कार जाहला. गेनू ओरडत होता, परंतु सनई लागली होती. तसबीर काढणाराने त्यास दोनदा सांगितले की इकडे बघा, आणि ते मी ऐकले, आणि मीही गप्प राहिलो.

पुढे जे जाहले ते लिहिताना हात चालत नाही. गेनू शालीसकट गावात गेला आणि घरोघर सांगू लागला की चला, टेकडीवर चला, आजच चला. आणि लोक हसू लागले. त्याचा थोरला भाऊ निवृत्ती ओट्यावर बसून म्हणाला, "सायबानं तुला शाल दिली, मांडवात उभा केला, पेपरासाठी फोटू काढला, न् तू म्हणतोस धरण फुटंल? फुटणार असतं तर साहेब तिथं पाय ठेवता का? येवढी मोठी माणसं, त्यांना म्हाईती नसंल?" गेनू म्हणाला, "दादा, त्यांना नाही म्हाईती. तुझ्या गळ्याशपथ नाही म्हाईती." निवृत्तीने हात झटकला. गेनूने पाया पडून, शिव्या देऊन, पोरे उचलून नेऊन शंभरावर घरे टेकडीवर चढविली, बाकीची राहिली. त्रयोदशीस भर दुपारी, लोक जेवायला बसले असता, भिंत खड्ड्यांच्या रांगेवरून फाटली. दोनशे एक झाडे आणि सत्तावीस घरे वाहून गेली, आणि अकरा माणसे मयत जाहली, त्यांत निवृत्ती आवटे, त्याची बायको आणि सून.

मग श्रीमंतांची स्वारी पुन्हा आली, यावेळी जाजम नव्हते. टेकडीवरच्या देवळात लोक बसले होते, त्यांच्यात श्रीमंत बसले आणि खरोखर रडले, त्यांत खोट नव्हती. आणि मोठ्याने म्हणाले, "एवढं धरण गळत होतं, आणि आम्हांला एका माणसाने सांगू नये?" मग खांबाला टेकून बसलेला गेनू म्हणाला, "मी सांगितलं होतं, साहेब." श्रीमंतांनी त्याजकडे निरखून पाहिले, ओळख लागेना. त्र्यंबकराव कानाशी लागले. आणि मग श्रीमंतांस आठवले, आणि ते डोळे पुसत म्हणाले, "हां हां, बागवाले!" गेनू उठला आणि भावाच्या राखेकडे गेला.

तात्पर्य. लोक म्हणतात, हुजरे आणि कारकून यांनी श्रीमंतांस कोंडून घातले, खरे त्यांच्यापर्यंत जाऊ दिले नाही. कारकुनांत मी एक आहे आणि माझा दोष मी नाकारीत नाही, ती ओळ माझ्या हातची आहे आणि मरेपर्यंत राहील. तीन मेजे आम्ही मांडली, जाजम आम्ही घातले, सनई आम्ही लाविली. परंतु वैताग येतो तो याचा की दशमीच्या दिवशी ती बाटली श्रीमंतांनी स्वतःच्या हातात धरली होती, पाणी गढूळ होते, ऊन लख्ख होते, आणि त्या बाटलीच्या आणि श्रीमंतांच्या डोळ्यांच्या मध्ये आमच्यापैकी कोणीही उभा नव्हता.